कार्टरच्या नावावर फाडलेलं बिल

अमेरिकेत कुठलाही अध्यक्ष महागाईत अडकला आणि त्याच सुमारास बाहेरच्या देशात कुठेतरी तोंडावर आपटला, की टीव्हीवर कोणीतरी म्हणणारच, हा बघा दुसरा जिमी कार्टर. ओबामाला म्हणून झालं, बायडेनला तर ऊठसूट म्हणायचे. आपल्याकडे अमेरिकेच्या राजकारणावर गप्पा हाणणारी मंडळीही हेच उचलतात. कार्टर, १९७७ ते १९८१ चा अध्यक्ष, म्हणजे माणूस भला पण बावळट, इराणने त्याचं नाक कापलं, महागाई त्याला आवरली नाही, मग रेगन आला आणि सगळं सरळ केलं, विषय संपला. आता कार्टर लय भारी अध्यक्ष होता असं काही मी म्हणणार नाही, त्याने चुका ढीगभर केल्या आणि त्यातल्या काही तर स्वतःहून ओढवून घेतल्या. पण महागाईचं जे खापर त्याच्या डोक्यावर फुटलं त्यातलं बरंचसं आधीच्या दोन-तीन जणांचं होतं, आणि ज्या कडू औषधाने ती महागाई शेवटी गेली ते औषध आणणारा माणूस त्यानेच नेमला, तोही निवडणूक फक्त पंधरा महिन्यांवर आलेली असताना. त्याचं फळ रेगनला मिळालं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

जरा मागून सुरू करू, कारण मागचं बघितल्याशिवाय हे बिल कुणी केलं ते कळत नाही.

लिंडन जॉन्सनने व्हिएतनामचं युद्ध वाढवलं आणि त्याच वेळी घरात मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, गरिबी हटाव वगैरे मोठमोठ्या योजना काढल्या, पण त्यासाठी टॅक्स वाढवायची वेळ आली तेव्हा १९६८ उजाडेपर्यंत टाळाटाळ केली. मग आला निक्सन. निक्सनच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली होती, की १९६० मध्ये आपण केनेडीकडून हरलो ते फेडरल रिझर्व्हने, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेने, पैसा आवळून मंदी आणली म्हणून. तेव्हा आर्थर बर्न्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने त्याला आधीच सावध केलं होतं. निक्सनने लक्षात ठेवून १९७० मध्ये त्याच बर्न्सला फेडचा चेअरमन केलं आणि मग १९७२ ची निवडणूक जवळ येईल तसतसा त्याच्यामागे लकडा लावला की पैसा सैल सोड. व्हाइट हाउसमधल्या टेप पुढे बाहेर आल्या, त्यात हे सगळं रेकॉर्ड झालेलं आहे, अंदाज बांधायची गरजच नाही.

आणि मग १५ ऑगस्ट १९७१. शुक्रवारी निक्सन आपली आर्थिक टीम घेऊन कॅम्प डेव्हिडला गेला आणि रविवारी रात्री टीव्हीवर येऊन जाहीर केलं की डॉलर घेऊन सोनं द्यायचं बंद. तोवर परदेशी सरकारांना ३५ डॉलरला एक औंस सोनं मिळायचं, त्या भरवशावर जगभरच्या चलनांचा हिशोब उभा होता. सोबत पगार आणि किमती ९० दिवस गोठवल्या आणि आयातीवर १० टक्के जादा कर. मजा म्हणजे रविवारी रात्री लोकांची आवडती काउबॉय मालिका असायची, तिच्या मध्येच भाषण घुसवलं तर लोक चिडतील का याचीही तिथे काळजी करण्यात आली. लोक चिडले नाहीत. सोमवारी शेअर बाजाराने उसळी मारली, जनता खूश, आणि पुढच्या वर्षी निक्सन पन्नासपैकी ४९ राज्यं जिंकून आला.

किमती गोठवल्याने महागाई जाते का? उकळत्या भांड्यावर झाकण दाबून धरल्यासारखं आहे ते, हात काढला की उतू जाणारच. १९७३ च्या उन्हाळ्यात निक्सनने परत एकदा किमती गोठवल्या तेव्हा कोंबड्यांच्या खाद्याचे भाव वर आणि चिकनचा भाव सरकारने बांधलेला, मग टेक्सासमध्ये पोल्ट्रीवाल्यांनी हजारो पिल्लं पिंपात बुडवून मारली कारण ती वाढवण्यापेक्षा मारणं स्वस्त होतं. टीव्हीवर ते दृश्य सगळ्या देशाने बघितलं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये इस्रायल-अरब युद्ध, अरब देशांची तेलबंदी, आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं बॅरल चार-पाच महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेलं. अरबांचा राजकीय राग होता हे खरंच, पण डॉलरच पडलेला असताना तेल विकणाऱ्याने जुन्या भावात का विकावं हाही भाग त्यात होता. म्हणजे १९७१ चा तो रविवार आणि १९७३ ची तेलबंदी या दोन वेगळ्या गोष्टी समजून चालत नाही.

निक्सननंतर आलेल्या फोर्डबद्दल फार बोलायला नको. बिचाऱ्याने १९७४ मध्ये महागाई हरवा म्हणून छातीवर लावायचे बिल्ले काढले, लोकांना सांगितलं घरी भाज्या लावा, उधळपट्टी करू नका वगैरे, लोक हसले. १९७५ मध्ये बेकारी ९ टक्क्यांवर आणि एप्रिलच्या शेवटी दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडली, वकिलातीच्या आवारातून हेलिकॉप्टरने माणसं काढावी लागली. तरीही १९७६ मध्ये तो अगदी थोडक्यात हरला हे विशेष.

तर कार्टरच्या हातात आलेला देश हा असा. जॉर्जियातल्या प्लेन्स नावाच्या छोट्याशा गावचा, शेंगदाण्याच्या धंद्यातला, त्याआधी नौदलात अणुपाणबुडीच्या कामावर असलेला इंजिनियर. आपला त्याच्याशी एक संबंध आहे तो फार जणांना माहीत नसतो, त्याची आई लिलियन कार्टर वयाची साठी उलटल्यावर पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून मुंबईला आली आणि १९६६ ते ६८ विक्रोळीला गोदरेजच्या कॉलनीत दवाखान्यात नर्स म्हणून राबली. पोराने प्रेसिडेंटशिप लढवायच्या आठ वर्षं आधी. बाई जबरदस्त होती, पण तो वेगळा विषय.

कार्टरने सुरुवात कशी केली? २ फेब्रुवारी १९७७ ला स्वेटर घालून, शेकोटीशेजारी बसून टीव्हीवर देशाला सांगितलं की घरातलं हीटर कमी ठेवा. एप्रिलमध्ये म्हणाला की ऊर्जेचा प्रश्न हा युद्धाइतकाच गंभीर समजा. अमेरिकन माणसाला कमी वापरा म्हणणं म्हणजे आपल्याकडे लग्नात पाहुण्याला जरा कमी जेवा म्हणण्यासारखं, गोष्ट खरी असली तरी बोलणारा बदनाम होतो. वर त्याचं काँग्रेसशी, म्हणजे त्यांच्या संसदेशी, जमेना, तिथे बहुमत स्वतःच्या पक्षाचं असूनही. धरणं-कालव्यांचे प्रकल्प उधळपट्टी म्हणून कापायला गेला आणि ज्यांच्या मतदारसंघातले होते ते सगळे अंगावर आले. माणशी पन्नास डॉलर परत द्यायची योजना आणली, मग स्वतःच मागे घेतली, ज्यांनी त्याच्या भरवशावर बाजू लावून धरली होती ते तोंडघशी. आधी अर्थव्यवस्थेला चालना द्यायला खर्च वाढवायचा होता, वर्ष-दीड वर्षात महागाई दिसायला लागल्यावर खर्च कमी करायचा होता. फेडवर विल्यम मिलर नावाचा माणूस नेमला, उद्योगातून आलेला, त्याने महागाईला फारसा हात घातला नाही. कार्टर आला तेव्हा महागाई साडेपाच टक्क्यांच्या आसपास होती आणि मार्च १९८० मध्ये १४.८ वर गेली, हा आकडा काही मी लपवणार नाही. पण यातलं किती त्याचं आणि किती इराणचं हे बघायला पाहिजे, ते कोणी बघत नाही.

आता १९७९ चा उन्हाळा. जानेवारीत इराणचा शाह देश सोडून गेला, १ फेब्रुवारीला त्याचा कट्टर विरोधक धर्मगुरू खोमेनी परतला, इराणच्या तेलविहिरींवर आधीच संप, दिवसाला पन्नास-साठ लाख बॅरल काढणारा देश जवळजवळ ठप्प. जगात एकूण तुटवडा खरं तर थोडाच होता, काही टक्के, बाकीच्यांनी उत्पादन वाढवलंही. पण भीतीने सगळ्यांनी साठे करायला सुरुवात केली आणि भाव पळत सुटले. अमेरिकेत आधी कॅलिफोर्नियात आणि मग वॉशिंग्टन, न्यूयॉर्ककडे पेट्रोल पंपांवर मैलभर रांगा, गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखा, पंपावर हाणामाऱ्या. जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटाउनला ट्रक ड्रायव्हरांच्या आंदोलनाची दंगल झाली, गाड्या जाळल्या.

आणि या रांगांचं खरं कारण ऐकण्यासारखं आहे. भावावर सरकारी नियंत्रण निक्सनच्या काळापासून चालत आलेलं, आणि त्याच्यासोबत वाटपाचा नियम असा, की कुठल्या भागाला किती पेट्रोल द्यायचं ते आधीच्या वर्षीच्या वापरावरून ठरवायचं. आता पेट्रोल मिळेना म्हटल्यावर शहरातले लोक सुट्टीत बाहेरगावी जाईनात, घराजवळच फिरायला लागले. पेट्रोल मात्र नियमाप्रमाणे सुट्टीच्या ठिकाणांना आणि गावांकडे गेलं. म्हणजे डोंगरातल्या पंपावर टाकी भरलेली आणि शहरात तीन-तीन तास रांग. वर प्रत्येकजण टाकी अर्धी झाली की परत रांगेत, इंजिन चालूच ठेवून. म्हणजे पेट्रोल मिळवण्यासाठी पेट्रोल जाळायचं. कार्टरने एप्रिल १९७९ मध्ये जाहीर केलं होतं की तेलाच्या भावावरचं हे नियंत्रण टप्प्याटप्प्याने काढणार, म्हणजे रोगाचं मूळ त्याला बरोबर कळलं होतं. पण नियंत्रण काढायचं म्हणजे भाव वाढणार, ते पण त्याच्याच नावावर. रेगनने जानेवारी १९८१ मध्ये उरलेलं नियंत्रण एका सहीत उडवलं आणि श्रेय घेऊन मोकळा.

जुलैमध्ये कार्टर ऊर्जेवर आणखी एक भाषण देणार होता, ते त्याने आयत्या वेळी रद्द केलं आणि दहा दिवस कॅम्प डेव्हिडला जाऊन बसला, गव्हर्नर, धर्मगुरू, कामगार पुढारी, अर्थतज्ज्ञ अशा सगळ्यांना बोलावून त्यांच्या शिव्या खाल्ल्या, वहीत लिहूनही घेतल्या. मग १५ जुलैला ते गाजलेलं भाषण, देशाचा आत्मविश्वास गेलाय, आपण वस्तूंच्या मागे लागलोय वगैरे. लोक म्हणतात भाषण पडलं. साफ चूक, भाषणानंतर त्याची लोकप्रियता अकरा टक्क्यांनी वाढली होती. वाट लागली ती दोन दिवसांनी, जेव्हा त्याने सगळ्या मंत्रिमंडळाकडून राजीनामे मागून घेतले आणि पाच जण घालवले. जगाला वाटलं अमेरिकेत सरकार कोसळलं की काय. डॉलर गडगडला.

आणि इथेच गोष्ट वळते. घालवलेल्या पाचांत अर्थमंत्री ब्लूमेंथाल होता. त्याच्या जागी फेडवरून मिलरला आणलं, म्हणून फेडची खुर्ची रिकामी झाली, बाजार बिथरलेला, ताबडतोब कोणीतरी वजनदार माणूस पाहिजे. म्हणून पॉल व्होल्कर, फेडच्या न्यूयॉर्क शाखेचा प्रमुख. म्हणजे कार्टरने देशासाठी हौतात्म्य पत्करायचं ठरवून व्होल्करला नेमलं असं काही नाही, स्वतः केलेल्या गोंधळातून बाहेर पडायला नेमलं, हे मी मान्य करतो. पण मुलाखतीत काय झालं ते बघा. व्होल्कर सहा फूट सात इंच, कायम सिगार. तो स्वतःच पुढे सांगायचा की प्रेसिडेंटच्या ऑफिसात कोचावर पसरून बसलो, शेजारच्या मिलरकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, मला नेमलंत तर मी ह्यांच्यापेक्षा कडक धोरण चालवणार, आणि फेड स्वतंत्र राहील. बाहेर आल्यावर मित्रांना म्हणाला की नोकरी काही मिळत नाही आता. कार्टरने दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून नेमलं. असं स्पष्ट ऐकूनही नेमलं, हा माझा मुद्दा. कार्टरचा जुना दोस्त बर्ट लान्स याने तेव्हाच निरोप दिला होता म्हणे, की याला नेमलंत तर तुमची दुसरी टर्म गहाण पडली समजा.

६ ऑक्टोबर १९७९, शनिवार. पोप जॉन पॉल त्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये होते, सगळे कॅमेरे तिकडे. संध्याकाळी फेडमध्ये व्होल्करने अचानक पत्रकार बोलावले आणि सांगितलं की आता आम्ही व्याजदर किती ते ठरवत बसणार नाही, बँकांकडे पैसा किती जायचा तेवढं धरून ठेवणार, मग व्याज कुठे जायचं तिथे जाऊ दे. ऐकायला रटाळ, पण यातली ग्यानबाची मेख अशी की व्याज अमुक इतकं आम्ही वाढवलं असं कोणी म्हणायला नको, बाजारानेच वाढवलं. आणि ते वाढलं. बँका आपल्या सगळ्यात चांगल्या गिऱ्हाइकाला ज्या दराने कर्ज देतात तो दर एप्रिल १९८० मध्ये २० टक्के. डिसेंबरात साडेएकवीस. घराचं कर्ज, गाडीचं कर्ज, सगळं थांबलं. बिल्डर लोक लाकडाचे तुकडे पोस्टाने व्होल्करला पाठवायला लागले, की घरंच बांधत नाही आम्ही तर तुम्हीच ठेवा. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन फेडच्या इमारतीभोवती फिरले. त्या वर्षांत अमेरिकेत नवीन गेलेले आपले जे डॉक्टर-इंजिनियर काका लोक आहेत त्यांना विचारा पहिल्या घराचा व्याजदर काय होता, लगेच आकडा सांगतील, विसरलेले नसतात.

निवडणूक जवळ येत होती तेव्हाही हे थांबलं नाही. मार्च १९८० मध्ये कार्टरने क्रेडिटवर नियंत्रणं आणली, लोकांनी देशभक्तीने क्रेडिट कार्डं कापून व्हाइट हाउसला पाठवली आणि खरेदी एवढी एकदम बंद झाली की दोन-तीन महिन्यांत मंदी आली, मग ती नियंत्रणं जुलैत घाईघाईने काढली. हा सावळा गोंधळ कार्टरचाच. पण सप्टेंबरच्या शेवटी, मतदानाला सहा आठवडे राहिलेले, व्होल्करच्या फेडने परत दर वाढवला. कार्टर ऑक्टोबरात प्रचारात एकदा कुरकुरला, की फेडने फक्त पैशाच्या पुरवठ्याकडे बघू नये वगैरे. बस, तेवढंच. निक्सनने याच जागी काय केलं असतं ते टेपमध्ये ऐकायला मिळतं.

परराष्ट्र धोरणाचं गणित जरा वेगळं, तिथे मी कार्टरला इतकं सहज सोडणार नाही. त्याने सप्टेंबर १९७८ मध्ये सादात आणि बेगिन यांना तेरा दिवस कॅम्प डेव्हिडला कोंडून इजिप्त-इस्रायलचा समझोता घडवला. शेवटच्या दिवशी बेगिन बॅगा भरून निघालेला, कार्टर त्याच्या खोलीवर गेला आणि बेगिनच्या नातवंडांसाठी फोटो दिले, एकेका नातवंडाचं नाव स्वतः लिहून सही केलेले. बेगिन एकेक नाव वाचत गेला, डोळे भरून आले, आणि बोलणी परत सुरू झाली. पनामा कालव्याचे करार सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ ने पास करून घेतले, दोन तृतीयांश लागतात त्यापेक्षा एक मत जास्त, लोकांना ते करार आवडत नसतानाही. म्हणजे माणसाला काम येत नव्हतं असं नाही.

पण इराणमध्ये त्याने ३१ डिसेंबर १९७७ ला तेहरानमध्ये शाहसोबत ग्लास उंचावून सांगितलं की हा देश म्हणजे अशांत टापूतलं स्थैर्याचं बेट. वर्षभरात बेट बुडालं. मग आजारी शाहला उपचारासाठी अमेरिकेत घ्यावं म्हणून किसिंजर, रॉकफेलर वगैरे बड्या लोकांनी धोशा लावला. कार्टर महिनोन्महिने नाही म्हणत होता, बैठकीत त्यानेच विचारलं होतं की उद्या त्यांनी आपल्या वकिलातीतली माणसं ओलीस धरली तर मला काय सल्ला द्याल. कोणी उत्तर दिलं नाही, आणि तरी त्याने होकार दिला. २२ ऑक्टोबर १९७९ ला शाह न्यूयॉर्कला उतरला, ४ नोव्हेंबरला तेहरानमधली अमेरिकन वकिलात आंदोलकांच्या ताब्यात, आतली माणसं ओलीस. धोका दिसत होता, बोलूनही दाखवला आणि तरीही पाय टाकला, याला माझ्याकडे काही बचाव नाही.

पुढचं माहीतच आहे. टीव्हीवर रोज रात्री बातम्यांच्या शेवटी आज कितवा दिवस ते सांगायचे. एप्रिल १९८० मध्ये ओलिसांना सोडवायला आठ हेलिकॉप्टर पाठवली, वाळवंटात पोचेपर्यंत पाच धड उरली, सहा पाहिजे होती, म्हणून मोहीम रद्द केली आणि परत फिरताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जण गेले. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्सचा या मोहिमेला आधीपासून विरोध होता, त्याने राजीनामा दिला. अफगाणिस्तानात रशियन फौजा १९७९ च्या नाताळात घुसल्या होत्याच, त्यावर कार्टरने रशियाला गहू-मका देणं बंद केलं आणि मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. धान्यबंदीने रशियाचं फार अडलं नाही, त्यांनी अर्जेंटिनाकडून घेतलं. अडलं ते आयोवाच्या शेतकऱ्याचं.

घरच्या अडचणी आणि बाहेरच्या अडचणी एकमेकींत किती गुंतलेल्या असतात याचं एक उदाहरण तर आपल्या दारातलंच आहे, तारापूर. तिथल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीने बांधलेल्या, त्यांना इंधन अमेरिकेने द्यायचं असा १९६३ चा करार. पोखरणनंतर अमेरिका बिचकली. जानेवारी १९७८ मध्ये कार्टर दिल्लीत आला, मोरारजींशी गोड बोलणी झाली, आणि माइक चालू आहे हे विसरून व्हान्सला म्हणाला की परत गेल्यावर यांना एक थंड आणि अगदी रोखठोक पत्र लिहू. सगळ्या जगाने ऐकलं. त्याच दौऱ्यात हरियाणातल्या एका खेड्याने हौसेने आपलं नाव कार्टरपुरी करून घेतलं, हा आपला पाहुणचार. तर अण्वस्त्रप्रसार रोखणं हे कार्टरचं लाडकं तत्त्व, त्यासाठी कायदा केला, पण रशिया अफगाणिस्तानात आल्यावर भारताला दूर लोटणं परवडेना, मग १९८० मध्ये त्यानेच तारापूरला ३८ टन इंधन पाठवायला परवानगी दिली, स्वतःच्याच अणुआयोगाचा नकार बाजूला सारून. सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ ने कसंबसं निभावलं. त्याचे विरोधक म्हणाले, बघा, तत्त्व सोडलं. मला त्यात तत्त्व सोडण्यापेक्षा हतबलता जास्त दिसते. तेल दुसऱ्याच्या हातात, डॉलर लुळा, त्यात सगळीकडे एकाच वेळी आग, मग ज्याच्याशी काल भांडलो त्याच्याशी आज जुळवून घ्यावं लागतं.

आता कोणी म्हणेल, मग काय मतदार मूर्ख होते? अजिबात नाही. २८ ऑक्टोबर १९८० च्या डिबेटमध्ये रेगनने लोकांना विचारलं की चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का. साधा प्रश्न आणि उत्तर नाही असंच होतं. महागाई आणि बेकारी यांची बेरीज करून त्याला दुर्दशेचा निर्देशांक म्हणायचे, १९७६ मध्ये कार्टरनेच हे हत्यार फोर्डवर चालवलं होतं, तेव्हा बेरीज तेराच्या आसपास, १९८० मध्ये वीसच्या वर. जो पेरला तोच उगवला. ४ नोव्हेंबरला, वकिलात ताब्यात घेतल्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, राज्यवार मिळणाऱ्या इलेक्टोरल मतांत रेगन ४८९ आणि कार्टर ४९. ओलीस सुटले ते २० जानेवारीला रेगनने शपथ घेतल्यावर काही मिनिटांनी, ४४४ दिवसांनी. ५२ पैकी ५२ जिवंत आले, पण त्याचे मार्क कोणी दिले नाहीत.

मतदार मूर्ख नव्हते, पण त्यांना बिल दिसतं, बिल कुणी केलं ते दिसत नाही, आणि ते दाखवून द्यायचं काम अध्यक्षाचं असतं. कार्टर इथे कमी पडला. त्याने लोकांना सांगितलं की दोष तुमच्या राहणीत आहे. रेगनने सांगितलं दोष सरकारमध्ये आहे. दोन्ही अर्धवट, पण कुठलं ऐकायला बरं वाटतं?

आणि वेळेचा खेळ. रेगनच्या पहिल्या दोन वर्षांत औषधाचा खरा मार बसला. १९८२ च्या शेवटी बेकारी १०.८ टक्के, महामंदीनंतर तोवर कधी नव्हती एवढी. मधल्या निवडणुकीत त्याच्या पक्षाच्या हाउसमधल्या, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहातल्या, २६ जागा गेल्या आणि जानेवारी १९८३ मध्ये त्याची लोकप्रियता ३५ टक्के, म्हणजे कार्टरच्या पंगतीला जाऊन बसला होता. त्याने व्होल्करला हात लावला नाही, उलट १९८३ मध्ये परत नेमलं, हे त्याचं श्रेय खरंच मोठं आहे, ते नाकारणं कोतेपणा होईल. पण त्याच्याकडे अजून दोन वर्षं होती. १९८३ मध्ये महागाई तीन-सव्वातीन टक्क्यांवर आली, नोकऱ्या परतल्या, १९८४ मध्ये ४९ राज्यं. तेच दुखणं, तोच डॉक्टर, फक्त एकाला ऑपरेशन टर्मच्या शेवटी पडलं आणि दुसऱ्याला सुरुवातीला.

बरं, रेगन व्होल्करला अगदी मोकळा सोडायचा का? व्होल्करने २०१८ मध्ये आठवणी लिहिल्या त्यात आहे. १९८४ च्या उन्हाळ्यात त्याला व्हाइट हाउसच्या लायब्ररीत बोलावलं, रेगन शेजारी बसलेला, एक शब्द बोलत नव्हता, आणि चीफ ऑफ स्टाफ जेम्स बेकर म्हणाला, प्रेसिडेंटचा तुम्हाला आदेश आहे की निवडणुकीआधी व्याजदर वाढवायचे नाहीत. व्होल्करचा तसाही वाढवायचा विचार नव्हता, तो काही न बोलता उठून आला. हे कणखर समजल्या गेलेल्या अध्यक्षाच्या कारकिर्दीत. आणि ज्याला मिळमिळीत म्हणतात त्याने सप्टेंबर १९८० ची दरवाढ फक्त कुरकुरून गिळली.

म्हणून मला दुसरा कार्टर ही शिवी बायडेनला चुकीच्या कारणासाठी दिली असं वाटतं. लोकांनी ती ऑगस्ट २०२१ वरून दिली, अफगाणिस्तानातून बाहेर पडताना काबूलच्या विमानतळावर जो गोंधळ झाला त्यावरून. खरं साम्य दुसरीकडे होतं. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्के झाली त्या काळात जेरोम पॉवेल चेअरमन असलेल्या फेडने शून्याजवळचे व्याजदर वर्ष-सव्वा वर्षात पाचच्या पुढे नेले आणि बायडेनने जाहीरपणे त्याच्यावर दबाव आणला नाही. आधी करोनात सरकारी पैसा प्रमाणाबाहेर वाटला गेला हा त्याच्याही सरकारचा दोष, काही भाग ट्रम्पच्या पहिल्या टर्मचा. २०२४ पर्यंत महागाईचा वेग तीन टक्क्यांच्या खाली आला, बेकारी फारशी वाढली नाही, म्हणजे व्होल्करच्या मानाने स्वस्तात सुटले. पण वेग कमी झाला म्हणजे भाव खाली येत नाहीत, अंड्यांचा आणि घरभाड्याचा चढलेला आकडा तिथेच राहतो, आणि मतदान त्या आकड्यावर होतं. नोव्हेंबरात बायडेनच्या जागी उभ्या राहिलेल्या कमला हॅरिस हरल्या.

परत आलेल्या ट्रम्पने यातून काय घेतलं ते २०२५ मध्ये दिसलंच. ज्या पॉवेलला त्याने स्वतः नेमलं होतं त्याला दर आठवड्याला उघड शिव्या, व्याज कमी कर म्हणून, आणि ऑगस्टमध्ये फेडच्या गव्हर्नर लिसा कुक यांना काढून टाकल्याचं थेट जाहीरच केलं, प्रकरण कोर्टात गेलं. निक्सनला हेच पाहिजे होतं पण तो बंद दाराआड बोलायचा, टेप बाहेर येईपर्यंत लोकांना कळलं नव्हतं. आता लपवायचीसुद्धा गरज वाटत नाही, आणि बऱ्याच मतदारांना त्यात काही वावगं दिसत नाही, कारण महागाईच्या काळात फेडच्या वाटेला फारसा न गेलेल्या कार्टरला आणि बायडेनच्या पक्षाला त्यांनीच घरी पाठवलंय.